उसनं नाक

आबांचं नाक गेलं, ही गोष्ट आबांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तसं ते चेहऱ्यावर जागच्या जागी होतं, चांगलं भरघोस, चष्मा टेकवायला अगदी सोयीचं. पण थंडीत आलेल्या एका तापानंतर त्याने जे काम सोडलं ते सोडलंच. आबांना याचा पत्ता लागला तोही दूध करपल्यावर. शेगडीपासून दोन हातांवर बसून ते पेपर वाचत होते आणि लेक आतून धावत आली, "आबा, अहो घर पेटलंय की काय!" बघतात तर पातेल्याचा कोळसा झालेला. "बातमीच तशी होती गं," असं म्हणून आबांनी वेळ मारून नेली. मग लेक भट्टीकडे गेल्यावर त्यांनी गुपचूप साबण हुंगला, कांदा हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली. छे! तिन्हींचा मिळून धुतलेल्या ताटलीइतका वास आला.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. घरमालकाचं गेलं असतं तर ते फार कुठे खुपसलं जाणार नाही म्हणून भाडेकरूंनी आनंदच मानला असता. पण आबांचा सगळा हुन्नर त्या नाकात होता.

आबांचा आणि लेकीचा हातघडणीच्या सुऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. अंगणाला लागून तळमजल्यावर एक लांबट खोली, मागे राहायच्या दोन. खोलीच्या एका टोकाला भट्टी आणि ऐरण, ते लेकीचं राज्य. दुसऱ्या टोकाला खिडकीखाली आबांचं टेबल. पूर्वी दोन्ही टोकं आबांचीच होती. मग उजवा खांदा दुखावला, घण लेकीने हातात घेतला, आणि खरं सांगायचं तर ती आबांपेक्षा सरस पाती घडवायला लागली. आबा हे चारचौघांत छाती फुगवून सांगत आणि एकटे असले की थोडे रुसून बसत. त्यांच्याकडे उरलं होतं ते मुठीचं काम. मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे चांदीचं रुंद कडं बसवायचं, त्यावर वेल कोरायची आणि वेलीवर काळं चढवायचं.

लोकांना वाटतं, चांदी म्हणजे चकाकली पाहिजे. चकाकू दे की! पण चकचकीत कड्यावर कोरलेली वेल दिसते कुणाला? सगळं कडं आधी काळं करायचं, मग वरचा भाग बोटाने हलके हलके उजळायचा. खोल रेषांत काळं तसंच राहतं, आणि मग पान न पान उठून दिसतं. हे काळं चढवण्यासाठी गंधकी खडे गरम पाण्यात विरघळवायचे आणि त्या पिवळ्या पाण्यात कडं बुडवायचं. ऐकायला सोपं. मेख अशी, की बरणी एकदा उघडली की हे खडे रोज थोडे थोडे मरतात. गेल्या महिन्यात जिथे एक पुरला तिथे या महिन्यात तीन लागतात, आणि पाणी मात्र दोन्ही वेळा सारखंच पिवळं. पाणी हलकं पडलं तर चांदी नुसती आजारी दिसते. जहाल झालं तर त्याहून वाईट. कडं क्षणात काळंभोर होतं, बघणारा खूश होतो, आणि दोन दिवसांनी ते काळं जुन्या चुन्यासारखं पापुद्र्यांनी सुटायला लागतं.

म्हणून आबा पाणी हुंगायचे. त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, भलेभले नाकाला रुमाल लावून पळतात. आबा मात्र डोळे मिटून बरणीवर वाकायचे आणि सांगायचे, "अर्धा खडा अजून." चाळीस वर्षांत चूक नाही. लेकीने एकदा सुचवलं होतं की आधी एखादा चांदीचा तुकडा बुडवून बघत जाऊ. आबा केवढे चिडले! "तुकडा दोन दिवस खोटं बोलतो. आणि माझं नाक असताना मी तुकड्याला विचारू? म्हणजे माझ्या चहात साखर किती पडली ते शेजारणीला विचारण्यातला प्रकार!"

हे वाक्य पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

कारण शेजारीण होती ना! बरोबर आबांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, शिलाईवाल्या बाई राहत. आबा त्यांना फौजदारीण म्हणत, अर्थात मनात. बाईंची इस्त्री दिवसभर तापलेली, त्यामुळे खिडकी बारा महिने उघडी, आणि आबांच्या पाण्याचा वास सरळ वर. अकरा वर्षं भांडण चाललं होतं. बाई कधी खाली उतरून बोलल्या नाहीत. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला चिठ्ठी गुंडाळायच्या आणि खिडकीतून आबांच्या दारात टाकायच्या. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि तक्रार, गिऱ्हाईकाची मापं लिहावीत तशी नेटकी. 'सकाळी ११. असह्य.' 'दुपारी ३. कालच्यापेक्षा वाईट. पोपट आजारी पडला.' आबांनी प्रत्येक चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, कधीतरी घरमालकासमोर हा छळ मांडायचा म्हणून.

नाक गेल्यावर पहिला आठवडा आबांनी कामच टाळलं. खांदा दुखतो, डोळे चुरचुरतात, एक ना दोन. मग एका सकाळी घाबरत घाबरत पाणी केलं, अंदाजाने दोन खडे टाकले, आणि वर फौजदारीणबाईंची खिडकी धाडकन बंद झाली. आबा हातातला चमचा तसाच धरून वर बघत राहिले. म्हणजे पाणी झालं की!

त्यानंतर पाच महिने सगळं झकास चाललं. खिडकी अर्धी ओढली गेली म्हणजे पाणी हलकं, अजून खडा टाका. धाडकन लागली म्हणजे बरोब्बर. रीळ पडलं म्हणजे जास्त झालं, तांब्याभर पाणी ओता. फौजदारीणबाईंचं नाक इतकं चोख होतं की आबांना अधूनमधून त्यांच्याबद्दल आदर वाटे. लेकीसमोर ते बरणीवर वाकून डोळे मिटायचे, पण कान वर लावलेले. एरवीही नाटक सांभाळावं लागे. एकदा त्यांनी नव्या साबणाच्या वासाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि लेक म्हणाली की साबण जुनाच आहे, फक्त वेष्टन बदललंय. तेवढं एक सोडलं तर निभावलं.

मग ती आचारीण आली. एका मोठ्या हॉटेलची मुख्य आचारीण, मनगटं लोहाराला लाजवतील अशी. तिने कापडातून एक सुरी काढून टेबलावर ठेवली. आबांनीच केलेली, नऊ वर्षांपूर्वीची. कड्यावरच्या वेलीत मऊ, पाटीच्या रंगाचं काळं बसलेलं, कडेला किंचित निळसर झाक. वापरून वापरून ती आणखीच देखणी झाली होती.

"माझी पोरगी पुढच्या आठवड्यापासून माझ्या हाताखाली उभी राहणार," आचारीण म्हणाली. "तिला हिची जुळी बहीण हवी. आणि आबा, झाकेत उणीस-वीस चालायचं नाही हं. चिरायला घेतली की माझी कुठली नि तिची कुठली, हे मला कळता कामा नये."

"शनिवारी या," आबा म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे बघितलं. तिला आवाजात काहीतरी खटकलं असावं.

सोमवारी आबांनी हात बसवून घ्यायला एक छोटी सुरी घेतली. लेकीने स्वतःसाठी हौसेने घडवलेली, फळं कापायची. लेक मुठीसाठी लाकूड आणायला बाहेर गेली होती. आबांनी एक खडा टाकला आणि वर बघितलं. खिडकी उघडी. दुसरा टाकला. उघडी. वरून शिलाई मशीनचा आवाज व्यवस्थित येत होता, म्हणजे बाई घरात होत्या. तिसरा टाकला, चौथा टाकला. खडे मेलेत वाटतं, आबांनी विचार केला आणि पाचवा टाकला. अंगणातलं मांजर उठून भिंतीपलीकडे गेलं, पण मांजराचा काय भरवसा. सहाव्या खड्याला मशीन थांबलं, वर कुणीतरी जोरात खोकलं, पण खिडकी काही लागली नाही. शेवटी कंटाळून आबांनी कडं बुडवलं. ते डोळ्यांसमोर काळंभोर झालं आणि आबांना हायसं वाटलं.

बुधवारी सकाळी लेक ती सुरी घेऊन टेबलाशी आली. तिने अंगठा कड्यावरून फिरवला. काळ्याचा एक पापुद्रा सुटून टेबलावर पडला. मग दुसरा. वेलीला महारोग झाल्यासारखं दिसत होतं.

"खडे खराब निघाले," आबा म्हणाले.

"आबा, तुम्हीच म्हणता ना, खड्यांवर काही नसतं, सगळं वासावर असतं?"

लेकीने ॲप्रनच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. तयार काळं. ब्रशने फासायचं, वास नाही, विरघळवणं नाही, सगळीकडे सारखं. आबांनी असली कामं बघितली होती. वेलीवर डांबर ओतल्यासारखी दिसतात.

"मी काही लगेच वापरा म्हणत नाही," लेक म्हणाली. तिला हे बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं. "उद्या तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. शनिवारपर्यंत टिकलं तर ठीकच. नाही टिकलं तर यापुढे बाटली. तुम्ही पॉलिश करा, पुसायचं बघा, गिऱ्हाईकांशी बोला. दगदग तरी कमी होईल."

गिऱ्हाईकांशी बोला! घण गेला, भाता गेला, आता बरणीही निघाली. मग या खोलीत ते कोण? येणाऱ्या-जाणाऱ्याला 'बसा, पाणी घेणार का' विचारणारे म्हातारे गृहस्थ. लेकीला सरळ सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण सांगितलं तर बरणी आजच जाणार, उद्याची वाट कोण बघतंय!

दुपारी लेक भट्टीत गुंतल्यावर आबांनी चपला घातल्या, बिस्किटांचा डबा काखेत मारला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा वरच्या मजल्याचा जिना चढले.

फौजदारीणबाईंनी दार उघडलं. गळ्यात माप घ्यायची टेप, ओठांत चार टाचण्या. आबांना बघून त्यांनी एक एक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. भांडायला तोंड मोकळं हवं ना.

"या. वाटच बघत होते. सोमवारी काय मारून ठेवलं होतंत हो खाली? माझे डोळे सुजले. ब्लाउजला मी बाही उलटी लावली!"

"मग खिडकी का नाही लावलीत?" आबा जवळजवळ ओरडलेच.

बाई थक्क झाल्या. "शब्द दिला होता म्हणून! तुमची लेक आली होती रविवारी. म्हणाली, आबांचं मोठं काम आहे, त्यांचं हल्ली लक्ष लागत नाही, आठवडाभर तेवढं सांभाळून घ्या, खिडकी आपटू नका, चिठ्ठी टाकू नका. इतकी गोड बोलली पोरगी. मी म्हटलं, बरं. ओढणी बांधली नाकाला आणि बसले. इतकं सोसलं, आणि तुम्ही मलाच जाब विचारता?"

आबा जिन्याच्या कठड्याला टेकले. लेक त्यांच्यासाठी वर येऊन हात जोडून गेली होती, आणि त्यानेच घात झाला होता. हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

"बाई," ते म्हणाले, "मला वास येत नाही."

"सोमवारचा? शक्यच नाही!"

"कसलाच. पाच महिने झाले." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, खडे, अर्धी खिडकी, पूर्ण खिडकी, रीळ. सांगताना खाली बघत होते, शाळेत उभं केल्यासारखे.

बाईंनी गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली. मग म्हणाल्या, "म्हणजे पाच महिने मी तुमच्याकडे कामाला होते? आणि मला सांगितलंही नाहीत?"

"चुकलं."

"आणि या डब्यात काय आहे?"

आबांनी डबा उघडला. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या, वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना वाटत होतं की आपण लिहितो आणि हा माणूस चुलीत घालतो. "ठेवल्यात होय तुम्ही?" त्या हळूच म्हणाल्या.

"घरमालकाला दाखवायला," आबा म्हणाले. आता खोटं बोलण्यात काही राम नव्हता.

बाई खळखळून हसल्या. मग आत गेल्या आणि एक भलीमोठी कात्री घेऊन आल्या. "तुमच्याशी वैर म्हणून अकरा वर्षं ही कात्री धार लावायला मी नदीपलीकडे नेते. खाली सुरीवाला बसलेला असताना! हिला धार लावून द्यायची. जन्मभर. कबूल?"

"कबूल."

"उद्या किती वाजता येऊ?"

गुरुवारी दहाला लेक बाजारात गेली आणि बाई खाली उतरल्या, हातात घडी केलेला रुमाल, लढाईला निघाल्यासारख्या. आबांनी आपली कामाची वही काढली. जुनी सुरी कुठल्या दिवशी काळवली ती तारीख त्यांनी शोधली, आणि मग डब्यातून त्याच दिवसाची चिठ्ठी. नऊ वर्षांची, पिवळी पडलेली. बाईंनी ती चष्मा लावून मोठ्याने वाचली.

'सकाळी साडेदहा. वास कालच्या निम्मा. आगकाडी विझवल्यासारखा. डोकं दुखत नाही, पण शिवणात मन लागत नाही.'

"आगकाडी!" आबा म्हणाले. "बाई, तुम्ही कमाल लिहिता हो."

"मला मापं नीट लिहायची सवय आहे," बाई म्हणाल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आबांनी पाणी केलं. बाई बरणीवर वाकल्या आणि झटकन मागे सरकल्या. "अंडं. उकडून आठवडाभर विसरलेलं. हे नव्हे." आबांनी तांब्याभर गरम पाणी ओतलं. "अजून अंडंच, पण ताजं." आणखी एक तांब्या. बाईंनी डोळे मिटले. अकरा वर्षं ज्या वासाला त्या शिव्या देत आल्या, त्यात आता त्या काहीतरी हरवलेलं शोधल्यासारख्या उभ्या होत्या. "थोडं... अगदी वाटीभर... हं! थांबा! आगकाडी. आत्ताच विझवली."

आबांनी कडं बुडवलं, तीन मोजले, काढलं, गार पाण्यात घातलं. इथून पुढचं काम डोळ्यांचं आणि हाताचं होतं, आणि ते दोन्ही शाबूत होते. कड्यावर सोनेरी रंग आला. पुन्हा बुडवलं, तांबूस झाला. मग जांभळट. बाई रुमाल विसरून बघत राहिल्या. "अगंबाई! हे असं होतं होय यात? मला वाटायचं, तुम्ही खाली नुसतं काहीतरी कुजवता."

"आता शेवटचं," असं म्हणून आबांनी सुरी पाण्यात धरली, आणि दारातून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

लेक पिशवी घेऊन उभी होती. बरणीवर वाकलेल्या फौजदारीणबाई, हातात चिठ्ठी, टेबलभर अकरा वर्षांच्या तक्रारी. तिने एकदा आबांकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि तिच्या डोक्यात दूध, साबण, खिडकी सगळं एकदम जागेवर बसलं. पोरगी हुशार होती, आबांचीच.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली. "कधीपासून?"

"झाले पाच एक महिने."

"पाच महिने! आबा, घरात गॅसची शेगडी आहे! मी दिवसभर इकडे भट्टीत, तुम्ही तिकडे एकटे. काही झालं असतं म्हणजे? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हेही काढून घेतलं असतंस."

लेकीच्या हातातली पिशवी खाली आली. "मी काढून घेतलं? घण मी काढून घेतला तुमच्याकडून?"

"नाही गं," आबा म्हणाले. "घण खांद्याने घेतला. तू नुसता धरलास, आणि माझ्यापेक्षा चांगला धरलास. पण एवढं एकच उरलंय माझ्याकडे. हे गेलं तर मी या खोलीत यायचं कशाला?"

लेकीचे डोळे भरले. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात फौजदारीणबाई किंचाळल्या, "अहो, रडा नंतर! आधी ती सुरी काढा, काळीठिक्कर होईल!"

आबांनी सुरी झटकन वर घेतली. लेकीने धावत जाऊन काळं चढणं थांबवणाऱ्या सोड्याच्या पाण्याचा वाडगा पुढे सरकवला, आबांनी त्यात ती बुडवली, आणि तिघं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बघायला लागले. कडं पाटीच्या रंगाचं झालं होतं. आबांनी बोटाला चिमूटभर सोडा लावून वरचा भाग उजळायला सुरुवात केली. एक पान उठलं, मग दुसरं, मग अख्खी वेल. कडेला, अगदी शोधलं तरच दिसेल अशी, निळसर झाक राहिली होती.

लेकीने नाक पुसलं आणि शेगडीवर चहा ठेवायला गेली. जाता जाता म्हणाली, "बाई, तुम्हाला साखर किती?" आबांना उगाचच ठसका लागला.

पुढचे दोन दिवस आबांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. सुरी कपाटात ठेवली होती आणि कपाट तासातासाला उघडत होतं. शुक्रवारी त्यांनी अंगठा फिरवून बघितला. काही सुटलं नाही. शनिवारी सकाळी अंगठा फिरवायची हिंमत होईना, म्हणून लेकीने फिरवला, चांगला दाबून, दोनदा. मग तिने आबांसमोर अंगठा धरला. स्वच्छ होता.

आचारीण चारला आली. आबांनी दोन्ही सुऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिने एक उचलली, दुसरी उचलली, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवली. मग एक हातात घेऊन म्हणाली, "ही माझी. ही मी नऊ वर्षं वापरतेय, मला डोळे झाकून कळेल." आणि नवी सुरी आपल्या पिशवीत ठेवायला लागली.

आबांनी तिला लगेच सांगितलं नाही. निदान पाच मिनिटं तरी त्यांनी तो आनंद उपभोगला.

संध्याकाळी लेकीने ती तयार काळ्याची बाटली टेबलावरून उचलली आणि परत करायच्या सामानात ठेवली. "ठरवून टाकू," ती म्हणाली. "पाणी तुमचं. नाक बाईंचं. आणि शेगडी माझी. तुम्ही शेगडीला हात लावायचा नाही, आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले. या आठवड्यात त्यांना फारच गोष्टी कबूल कराव्या लागत होत्या, पण एकीलाही त्यांची हरकत नव्हती.

सोमवारी आबा टेबलाशी बसले. शेजारी फौजदारीणबाईंची कात्री होती, धार लावून तेलाने पुसलेली. त्यांनी नवं पाणी केलं, डोळे मिटून बरणीवर वाकले, सवयीने, आणि वाट बघत राहिले. दारात टक्कन रीळ पडलं. आबांनी चिठ्ठी सोडवली. तारीख, वेळ, आणि खाली नेटक्या अक्षरात: 'वास कमी पडतोय. दोन खडे टाका.'

आबांनी चिठ्ठी वाचली, वर खिडकीकडे बघितलं आणि एकच टाकला. चाळीस वर्षांचा अनुभव होता, फौजदारीणबाईंचं सगळंच काय म्हणून ऐकायचं!

अर्ध्या मिनिटात दुसरं रीळ पडलं.

'दोन म्हटलं होतं.'